पावती

पेठ नाक्याच्या अलीकडं आमचा वजनकाटा.
पहाटे तीनला बेळगावकडं जाणारा कोंबड्यांचा ट्रक आला,
क्रेटांसकट वजन झालं, पावती फाटली, ट्रक गेला,
आणि लोखंडी पत्र्यावर पांढरं काहीतरी उरलं.
मला वाटलं, पिशवी.
पिशवीनं मान वळवली.

केबिनमधल्या लाल आकड्यांत बघितलं: शून्य.
आमचा काटा दहा किलोच्या खालचं काही मानत नाही.

यल्लाप्पा ड्रायव्हरला फोन लावला.
"ऱ्हाऊ दे की अक्का, मेलेल्यात लिवून टाकतो."
म्हणजे कागदावर ती मेलेली.
मी तिचं नाव पावती ठेवलं.

चोचीचं टोक कापलेलं, तुरा एका डोळ्यावर पडलेला,
नखं वाढून वळलेली.
तारेशिवाय पायाखाली कधी काही आलंच नव्हतं.
केबिनमागच्या मातीवर सोडली
तर एक पाय उचलून तशीच उभी,
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी.

हाताला भ्यायची.
वरून आलेला हात पाय धरून उलटं करतो, एवढंच तिला ठाऊक.
म्हणून मी भुईवर बसायला शिकले,
तिच्याकडं पाठ करून, तळहातावर बाजरी,
नजर हायवेवर.
उसाच्या ट्रॉल्या मोजायच्या. एकवीस. बावीस.
नवव्या दिवशी टोच लागली, बोथट,
पेनाच्या मागच्या टोकानं कुणी सही करावी तशी.
मी वळले नाही.

पण दुपारभर ती केबिनच्या काचेला चिकटून बसायची,
काचेतल्या पांढरीला.
उन्हं फिरली की काचेतली निघून जायची.
ही तिथंच.

आष्ट्याला जैतुनबी मुलाणीच्या दुकानात गेले.
"केवढी कापू?"
"कापू नका. जोडीला पाहिजे."
रांगेतली माणसं हसली. जैतुनबीनं सुरी पुसून बाजूला ठेवली.
"एकटं कोंबडं म्हंजे निम्मं कोंबडं.
आठवडाभर मधी जाळी ठेव. मग अंधारात शेजारी बसीव.
सकाळी त्यास्नी वाटतंय, आपण आधीपास्नंच हितं हाय."
पिंजऱ्याच्या तळातनं तिनं भुरकी काढली, एका डोळ्यानं अधू.
पैसे निम्मे घेतले.

तसं काही वाटलं नाही त्यांना.
सकाळी भुरकीनं पावतीचं डोकं फोडलं. मी हळद दाबली, फोन केला.
"मारतीय ही!"
"मग? नव्या घरात तुला पहिल्या दिशी
कुणी पाट मांडला हुता?"

मला कुणी मांडला नव्हता. फोन ठेवला.

मग एका दुपारी बाभळीखाली भुरकी माती उकरत होती,
पंखात धूळ घेऊन लोळत होती,
आणि पावतीनं बघून बघून एक नख मागं ओढलं.
खालनं ओली माती निघाली.
दचकली. दोन पावलं मागं.
परत पुढं.

तेव्हापासून माझ्याकडं येणं बंद.
दोघी मिळून पळायच्या. मला लागलं, खोटं कशाला बोलू?
पण भुरकी खादाड. बाजरी दिसली की भीती विसरायची,
आणि तिच्या मिटल्या डोळ्याच्या बाजूला
पावती यायला लागली, पहारा दिल्यासारखी.
भुरकी हातावर, पावती मनगटाशी.
मग एका संध्याकाळी काही कारण नसताना
मांडीवर.

काल यल्लाप्पाचा ट्रक परत आला.
क्रेट खडखडले, आणि दोघी उडाल्या.
झुडपात नाही, माझ्या खुर्चीकडं.
यल्लाप्पा वाकून बघत राहिला.
"अक्का, ती पांढरी आमचीच न्हवं?"
"न्हाई. तुमची मेली.
कागद बघ तुझा."

हसला, गाडी काट्यावर चढवली.
अकरा टन चारशे वीस.
मांडीवरचं त्यात धरलं नाही.